न पाहिलेला भाग

गोष्ट सांगायची तर कुंदाबाईला दोन्ही हात लागत. एका हातात तलवार, दुसऱ्या हातानं कुणाची तरी सावली धरलेली. मग सुपातली तूरडाळ कोण निवडणार? म्हणून जळगावच्या त्या दालमिलच्या निवडणीच्या शेडमध्ये बायकांनी आपसात एक रीत पाडली होती. सोमवारी सकाळी कुंदाबाईनं आदल्या दिवशी टीव्हीवर झालेला भाग सांगायचा आणि ऐकणाऱ्या प्रत्येकीनं आपल्या निवडलेल्या डाळीतली एक मूठ तिच्या पाटीत टाकायची. संध्याकाळपर्यंत तिची पाटी इतरांइतकीच भरलेली असे. मुनीमजींना हे ठाऊक होतं. ते दाराशी उभे राहून चष्मा पुसायचे, आणि गोष्टीतली मारामारी संपेपर्यंत चष्मा काही स्वच्छ व्हायचा नाही.

साल चौऱ्याण्णव. मालिका जपानी, चित्रांची, पण हिंदीत बोलणारी. रविवारी सकाळी दहाला लागायची. नाव ‘परछाईं का पहरेदार’. शेडमध्ये तिला नुसतं ‘सावलीवालं’ म्हणत. त्यातला पोरगा शिनो. त्याचा इथं शिनू झाला होता. त्याच्या मुलखात एक मुखवटेवाला माणसांच्या सावल्या चोरायचा. सावली गेलेलं माणूस मरत नसे. चालायचं, जेवायचं, पण डोळ्यांत कोणी नसायचं, आणि मुखवटेवाला सांगेल ते करायचं. शिनूची थोरली बहीण मिका, तिची सावली त्यानं एका काळ्या घंटेत कोंडली होती.

“पन अंधारामां सावली राहतच नही,” पुष्पा अक्का म्हणायची. ती सगळ्यांत वयस्क, शेडमधला शेवटचा शब्द तिचा. “मंग अंधार पडना का तो मेला काय करस?”

“दिवा लावस ना अक्का.”

“सोताना हातवरी दिवा लावस? चोर शे का पुजारी?”

“आनि डोळा केवढा सांगस तू त्या चित्रासना! इतला मोठा डोळास्ले झोप कशी येत व्हई?”

असं आठवडाभर चालायचं. बाकीच्या बायका राहत त्या वस्तीत विजेचे खांब पोचले नव्हते, आणि पोचले असते तरी रविवारची सकाळ धुण्याची, दळणाची, बाजाराची. कुंदाबाई मात्र लता नर्सच्या घरामागच्या खोलीत भाड्यानं राहायची. लताबाईंकडे काळा-पांढरा टीव्ही होता आणि रविवारी दार उघडं असायचं. हिंदी कुंदाबाईला नवऱ्यामुळे येत होतं. तो बऱ्हाणपूरच्या कापड गिरणीत होता, तिथंच वारला. आणि सांगण्याची कला वडिलांची. ते चोपड्याकडच्या एका वहीगायनाच्या फडात सोंगं काढायचे, ढोलकीवर, गावोगाव. राजा, राक्षस, सासू, सगळ्यांचे आवाज एका गळ्यातून. पोरगी म्हणून कुंदाबाईला फडात कोणी उभं केलं नाही, पण आवाज तिनं उचलले होते.

दालमिलमध्ये आली तेव्हा पहिली दोन वर्षं ती दाराशी बसायची. तिथं मशीनचा कोंडा उडून सरळ तोंडावर येतो. परगावची, एकटी, लेकरू नाही. तिच्याशी बोलायचं तरी काय, असं बाकीच्यांना वाटत असावं. मग ‘सावलीवालं’ सुरू झालं आणि एका सोमवारी तिनं सहज मुखवटेवाल्याचा आवाज काढला. त्या दिवसापासून ती शेडच्या मधोमध बसायला लागली, पंख्याखाली.

त्या उन्हाळ्यात गोष्ट फार अवघड जागी येऊन थांबली होती. मुखवटेवाला म्हणाला होता, मिकाची सावली सोडतो, पण तिच्या रक्ताच्या माणसानं आपली सावली घंटेत टाकायला हवी. शिनूनं घंटेपुढं हात केला आणि भाग संपला. आता तो देईल की नाही? पूर्ण आठवडा शेडमध्ये याशिवाय दुसरं बोलणं नव्हतं. सगळ्यांत जास्त विचारायची ती लीलाबाई. ती तर रोज विचारायची, जणू कुंदाबाईला आतून खबर असते.

आणि त्या रविवारी, दहाला पाच कमी असताना, चौकातली डीपी उडाली.

फट्‌ आवाज झाला, लताबाईंच्या टीव्हीवर एक ठिपका राहिला, तोही गेला. कुंदाबाई चप्पल न घालता धावली. पुढची गल्ली, त्यापुढची गल्ली, सगळीकडे लोक दारात उभे राहून वारा घेत होते.

“वायरमन?” तिनं एका लुंगीवाल्याला विचारलं.

“बाई, रविवार आहे. जेवून येईल.”

वीज आली साडेबाराला.

“अगं, एवढं काय?” लताबाई म्हणाल्या. “उद्या सांगून टाक, लाइट नव्हती म्हणून.”

सांगून टाकता आलं असतं. पण महिन्यापूर्वी तापामुळे तिचा एक भाग चुकला होता. तेव्हा बायका “असू दे वं” म्हणाल्या होत्या, अगदी मायेनं. मग दुसऱ्या एकीनं नणंदेला लागलेल्या भुताची हकिकत काढली, ती तीन दिवस चालली, आणि पंख्याखाली ती नणंदवाली बसली. कुंदाबाई तीन दिवस दाराशी. कोणी हाकललं नव्हतं. जागा आपोआप भरली होती.

सोमवारी ती शेडमध्ये शिरली तेव्हा सुपं मांडून झाली होती, पण निवडायला कुणी सुरुवात केली नव्हती.

“उनी वं, उनी!”

“आधी इतलंच सांग,” लीलाबाई म्हणाली. “दिन्ही का नही दिन्ही?”

“तिले बसू तं दे.”

“नही अक्का. आधी हो का नही. मंग बाकीनं.”

या लीलाबाईचं सांगायला हवं. चार महिन्यांपूर्वी तिची थोरली लेक इंदू सोनगीरला सासरी बाळंतपणात गेली. मुलगा जगला. तेराव्यालाच व्याह्यांनी बोलणं काढलं: धाकटी वैजू आमच्याकडे द्या, जावयाचं घर मोडणार नाही, बाळाला मावशीच आई होईल. वैजूला सतरावं लागलेलं, जावई तिशीचा. लीलाबाईला नवरा नाही. घरात शब्द दिराचा, पितांबरचा, आणि पितांबरला यात वावगं काही दिसत नव्हतं. शेडमध्ये हे सगळ्यांना माहीत होतं. कुंदाबाईलाही माहीत होतं. त्या क्षणी ते तिच्या डोक्यात नव्हतं, एवढंच.

तिच्या डोक्यात वडिलांचा फड होता. फडात रडवणारं सोंग सगळ्यांत शेवटी काढायचे आणि त्यानंतर गाव जेवायला वाढायचं.

“दिन्ही,” ती म्हणाली.

शेडमध्ये कुणीतरी “अगं माय!” केलं आणि मग कुंदाबाई उठून उभीच राहिली. तिनं पदर खोचला. मुखवटेवाल्याचा खर्ज काढला, “एक साया दे, लड़के, एक साया ले!” शिनूनं तलवार कशी खाली ठेवली ते दाखवलं, मूल झोपवताना ठेवतात तशी. त्यानं आपल्या पायांपासून सावली कशी सोडवली. आधी टाच, मग बोटं, ओला कपडा अंगावरून सोलावा तशी. मग घंटा एकदा वाजली. मिकाच्या डोळ्यांत कोणीतरी परत आलं. तिनं पाहिलं, समोर भाऊ उभा, पायाखाली ऊन, नुसतं ऊन. “भैया,” ती म्हणाली, “तेरा साया?” आणि शिनू हसला.

“हसना?” पुष्पा अक्काचा आवाज फुटला.

“हसना, अक्का. म्हने, घर तं भरनं ना?”

ते शेवटचं वाक्य तिला त्याच क्षणी सुचलं होतं. सुचलं तेव्हा ती खूश झाली.

मुठी पडल्या. त्या दिवशी जरा भरल्या मुठी पडल्या. लीलाबाई सगळ्यांत शेवटी उठली, तिनं मूठ नाही, ओंजळ टाकली. डोळे लाल. “माले समजनं,” ती हळूच म्हणाली आणि जागेवर जाऊन बसली. काय समजलं ते कुंदाबाईनं विचारलं नाही.

मंगळवारी लीलाबाईनंच सांगितलं. डाळीतून मान वर न करता.

“काल सांजले पितांबरभाऊले सांगी दिनं. हो म्हनीसन. रविवारले सोनगीरना लोक येतीन, दहाले. सुपारी फोडनार.”

हात थांबले. सगळ्यांची बोटं सुपात तशीच राहिली.

“वैजूनी?” पुष्पा अक्कानं विचारलं.

“मंग कोनी? मनी का?”

कुणी हसलं नाही.

“तू तं नही म्हनत व्हती, लीला.”

“म्हनत व्हतू. चार महिना डोकं फुटी गयं नुसतं. सोमवारले कुंदानी सांगं आनि मी मनमां म्हनं, तो तं पोऱ्या शे, आनि त्यानी सोतानी सावली दी टाकी. थोरलीनं घर भरनं. मंग मी कसाले धरी बसनू?”

 सूप पाखडताना कुंदाबाईची डाळ जमिनीवर सांडली. आजवर सांडली नव्हती.

त्या दिवशी घरी जाताना तिनं स्वतःची समजूत घातली. गोष्टीवरून कोणी पोरगी देतं का? पितांबर मागं लागलेला, जावयाकडचे मागं लागलेले. आपण नसतो तरी हेच झालं असतं. चौकात आली तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपण हे मोठ्यानं बोलतोय आणि भाजीवाली आपल्याकडे बघतेय.

बुधवारी तिनं दुरुस्ती करून पाहिली.

“अक्का, एक सांगानं राही गयं,” ती सहज बोलल्यासारखं बोलली. “शेवटले मिका म्हने, माले नको तुनी सावली. परत ले. माले असं घर नको.”

पुष्पा अक्कानं सूप खाली ठेवलं. “हाई कवय म्हने ती?”

“शेवटले.”

“शेवटले तं शिनू हसना. मंग नावं उनी, पाट्या उन्या, भाग सरना. तूच सांगं.”

“त्याना मजारमां म्हने.”

“हसना आनि नावं उनी, त्याना मजारमां?”

“मी इसरी गऊ व्हतू.”

“तू?” अक्का म्हणाली. “तुले मुखवटेवालाना जोडानी नक्षी ध्यानमां राहस, आनि हाई इसरनी?”

 लीलाबाईनं फक्त एकदा कुंदाबाईकडे पाहिलं, आणि त्या नजरेत राग नव्हता, दया होती. वैजूचं ऐकून हिला वाईट वाटलंय, म्हणून गोड करून सांगतेय, असं तिला वाटलं असावं. कुंदाबाईला राग परवडला असता.

गुरुवारी हिलाल येणार होता.

हिलाल धुळ्याचा, ट्रकवर ड्रायव्हर. दर गुरुवारी डाळीची पोती भरायला यायचा आणि पोती चढेपर्यंत शेडच्या खिडकीला टेकून उभा राहायचा. देवपुरात त्याच्या घरी टीव्ही होता, आणि ‘सावलीवाल्या’वरून त्याचं नि कुंदाबाईचं दर गुरुवारी भांडण ठरलेलं. त्याच्या मते मुखवटेवाला हाच शिनूचा बाप. कुंदाबाई म्हणायची, बाप असता तर आवाजात कळलं असतं. बायका दोन्हीकडून फोडणी घालायच्या.

बाकीच्या त्याची वाट बघत होत्या. कुंदाबाईचे कान सकाळपासून रस्त्याकडे होते. त्यानं खिडकीतून तोंड घातलं आणि “काय वं, रविवारले काय मजा उनी!” एवढं म्हटलं की संपलं. ट्रकचा हॉर्न ऐकला आणि ती पाणी प्यायला म्हणून उठली, ती सरळ वजनकाट्यापाशी.

“हिलालभाऊ.”

“अरे! आज बाहेरच? बरं, तू देखं ना? बाप शे का नही आते सांग...”

“मी देखं नही.”

“काय?”

“लाइट व्हती नही. काय व्हयनं रविवारले?”

हिलालनं विडी कानावरून काढली. “काहीच नही.”

“म्हंजे?”

“काहीच व्हयनं नही. पूर्ना भाग पुलवर मारामारी. धूळ उडी राहिनी, हाऊ त्याले पाडस, तो ह्याले पाडस. घंटा देखाडीच नही. मनी बायको उठी गयी, म्हने, भाकरी टाकस.”

“देस का नही, ते?”

“ते आते रविवारले.” त्यानं काडी ओढली. “काबर? तू काय सांगं त्यास्ले?”

तिनं सांगितलं. सावली, टाच, ऊन, हसू. हिलालनं विडी पेटवली नाही. काडी बोटापर्यंत आली तेव्हा झटकली.

“च्यायला, कुंदाबाई,” तो म्हणाला, “हाई तं टीव्हीवालास्नाथीन चांगलं शे.”

“भाऊ, हासू नका. खिडकीवर येऊ नका आज. हात जोडस.”

“नही येत. मी काय म्हननार? आनि रविवारले तो काही बी करो, तू सांभाळी लेशी. त्यास्ले कुठं कळस?”

तो खरंच आला नाही. ट्रक गेला. “आज हिलाल फिरकना नही,” बायका म्हणाल्या, “हारना व्हई!” आणि हसल्या. कुंदाबाईची लाज वाचली होती. आता कुणालाच कधीच कळणार नव्हतं. हे लक्षात आलं तेव्हा तिनं निवडलेली डाळ पुन्हा निवडायला घेतली.

शुक्रवारी काम सुटल्यावर ती लीलाबाईच्या घरी गेली. काय बोलायचं ते ठरवून गेली होती, पण ओट्यावर पितांबर बसलेला.

“कोन पाहिजे?”

“लीलाबाई.”

“दळन आनाले गयी. बसा.”

आत वैजू शिवणमशीनवर बसली होती. आईच्या साडीच्या काठाला फॉल लावत होती. बारीक मनगटं, तोंडात दोरा. तिनं दोरा तोडला आणि खालच्या आवाजात विचारलं, “मावशी, एक विचारू का?”

“विचार.”

“आई म्हने, शिनूनी सावली दिन्ही. मंग तो चालताना कसा दिसे?”

“म्हंजे?”

“म्हंजे, त्याले कळे का? का सावली गयी म्हंजे आपन गऊत, हाई बी आपल्याले कळत नही?”

ओट्यावर पितांबर खाकरला.   कुंदाबाई काहीबाही बोलून निघाली. गल्लीच्या तोंडाशी तिला डोक्यावर पिठाचा डबा घेतलेली लीलाबाई दिसली. तिनं हाक मारली नाही. ती दुसऱ्या बाजूनं गेली.

शनिवारी जेवणाच्या सुट्टीआधी, अजून सगळ्या ओळीनं बसल्या असताना, ती म्हणाली, “मी तो भाग देखा नही.”

मशीनच्या आवाजात कुणाला ऐकू गेलं नाही. तिला पुन्हा म्हणावं लागलं. मोठ्यानं म्हणावं लागलं, हे सगळ्यांत वाईट.

“कोनता भाग?”

“सोमवारले सांगा तो. डीपी उडनी व्हती. मी बठ्ठं मनथीन सांगं.”

सगळंच्या सगळं रचलेलं, हे पुष्पा अक्काच्या गळी उतरेना. “बठ्ठं?”

“बठ्ठं.”

“घंटा?”

“घंटा मागला रविवारनी. ती खरी.”

“आनि टाच सोडावनी, ते?”

“ते मनं.”

“घर तं भरनं ना, म्हने, ते?”

“ते बी मनं, अक्का.”

“मी घर जाईसन सुनले सांगं ते!” एकजण ओरडली. “ती रडनी! मी रडनू!”

“बुधवारले आखो वरथीन मिकाले बोलती करी,” नणंदवाली म्हणाली. “आम्ही काय इतल्या येड्या शेतस?”

“मुठी लिध्यात आमन्या,” कुणीतरी मागून म्हटलं. हळू म्हटलं, म्हणून जास्त लागलं.

 पुष्पा अक्कानं आपलं सूप उचललं आणि जरा फिरून बसली, पाठ करून. मग एकेक पाठ फिरली. कुंदाबाईनं सूप घेतलं, पाटी घेतली आणि कुणी सांगायच्या आधी दाराशी जाऊन बसली. कोंडा तोंडावर आला. तिनं लीलाबाईकडे पाहिलं नाही. पाहायची हिंमत नव्हती.

सुट्टीत सगळ्या डबे घेऊन लिंबाखाली गेल्या. लीलाबाई आली आणि तिच्यासमोर उकिडवी बसली.

“मनी वैजूकरता सांगं ना तू आज?”

कुंदाबाईनं मान हलवली.

“तुले काय वाटनं, तुना शिनूनी दिन्ही म्हनीसन मी पोर देस? मी काय लहान लेकरू शे?”

“मंग?”

लीलाबाईनं जमिनीवरचा एक अख्खा दाणा उचलला आणि नखानं सोलत बसली. “चार महिना रोज सांजले भाऊ ओटावर बसस. रोज तेच. मी नही म्हनाले तोंड उघाडस, आवाज निघत नही. सोमवारले तू सांगं आनि माले इतलं हलकं वाटनं, कुंदा. वाटनं, चला, जगमां बठ्ठा देतस. मी बी दी टाकू. आते माले इचार करानी गरज नही.” दाण्याचं साल निघालं. “आनि आज तू म्हनस, ते व्हयनंच नही.”

“मन्हं चुकनं.”

“चुकनं तं चुकनं. पन आते परत मालेच ठरावनं पडी.” तिनं सोललेला दाणा कुंदाबाईच्या पाटीत टाकला. मग म्हणाली, “उद्या ये. माले बोलता उनं नही तं तू बोल. तुले बठ्ठास्ना आवाज येतस.”

रविवारी कुंदाबाई नऊलाच पोचली. वाटेत तिनं भाषण तयार केलं होतं, तीन वेळा म्हणून पाहिलं होतं. पितांबरनं तिला पाहून भुवई वर केली. “हाई काबर?”

“मनी बहीन शे,” लीलाबाई आतून म्हणाली.

सोनगीरची माणसं वेळेवर आली. व्याही चिंधा नाना, त्यांचे दोघं भाऊबंद, आणि जावई अभिमन, नवी टोपी घातलेला, घडीघडी ती नीट करणारा. सतरंजीवर ताट: कुंकू, सुपारी, नारळ. उसनी साडी नेसलेली वैजू दाराच्या चौकटीला धरून उभी. लीलाबाईनं चहा ठेवला, कप भरले, आणि कपांचं ताट हातात तसंच धरून उभी राहिली.

चिंधा नाना वाईट माणूस नव्हते. हेच अवघड होतं. “लीलाबाई,” ते म्हणाले, “इंदू गेली, आमचंही काळीज गेलं. पोरगं रात्रंदिवस रडतं. परक्या बाईपेक्षा मावशी बरी, एवढंच आमचं म्हणणं. पोरीला काही कमी पडू देणार नाही.”

“बोलानं काय राहिनं?” पितांबर म्हणाला. “सोमवारले हो सांगं शे.” त्यानं कोपऱ्यातला बत्ता ओढला आणि सुपारी पाटावर मांडली.

लीलाबाईनं कुंदाबाईकडे पाहिलं.

कुंदाबाईनं तोंड उघडलं. तयार केलेलं भाषण होतं, पहिला शब्द होता, तो जिभेवर होता. आणि आवाज आला नाही. कोणाच्या आवाजात बोलायचं तेच कळेना. राजाचा, राक्षसाचा, सासूचा, सगळे आवाज घशापर्यंत येऊन परत गेले. तिला स्वतःच्या आवाजात चार माणसांपुढं बोलायची सवयच नव्हती. तिचे हात उठले आणि तसेच मांडीवर पडले. पितांबरनं बत्ता उचलला.

“थांबा,” लीलाबाई म्हणाली.

इतक्या हळू म्हणाली की जावयानं टोपी नीट करणं थांबवलं नाही.

“थांबा भाऊ. माले वैजू देनी नही शे.”

“काय?”

“देनी नही शे.” ती चिंधा नानांकडे वळली. “नाना, बाळ माले द्या. मी वाढवस. इंदूनं शे, मनं शे. पन पोर मी एक दिन्ही.”

“सोमवारले तूच हो म्हने व्हती!”

“म्हने व्हतू. आज नही म्हनस.”

मग जे व्हायचं ते झालं. पितांबरचा आवाज गल्लीपर्यंत गेला. भाऊबंदांपैकी एकजण म्हणाला, बोलावून अपमान करायची ही कुठली पद्धत?  जावई उठला आणि चपला शोधायला लागला, दुसऱ्याच्याच पायात घालून बसला. चिंधा नाना सर्वांत शेवटी उठले. “आमचा नातू आम्ही का द्यावा, बाई?” ते म्हणाले. रागानं नाही, खरंच विचारल्यासारखं. उत्तरासाठी थांबले नाहीत. पितांबर त्यांच्यामागे धावला, समजूत घालत, “नाना, नाना, बाईनं डोकं शे...”

घरात तिघीच राहिल्या.

लीलाबाईनं ताट खाली ठेवलं.  भिंतीला टेकून ती सरकत खाली बसली.

“आते ते बाळ माले देखू देतीन का वं, कुंदा?”

कुंदाबाई तिच्याजवळ बसली. देतील म्हणावं, असं फार वाटलं. एक आजोबा, रडणारं पोर, दोन महिन्यांनी सोनगीरहून येणारी बैलगाडी, सगळं जिभेवर तयार होतं.

“ठाऊक नही,” ती म्हणाली.

वैजू चौकटीपासून हलली. ताटातला एक कप उचलून तिनं उभ्यानंच पिऊन टाकला. गार झालेला, वर साय धरलेला. मग दुसरा उचलला. मग तिसरा.

“साय तं काढ, पोरी,” लीलाबाई म्हणाली.